समोर समुद्र दिसतोय, तरी कर्ली नदी वळून का जाते? (वाळूच्या दांड्यांविषयी)

चिंचेचा_कोळ | रविवार, रात्री १०:४२

मेच्या शेवटी चार दिवस मालवणजवळचं तारकर्ली-देवबाग करून आलो. खाणं, पोहणं, डॉल्फिन (एकच दिसला, तोही पाठमोरा) सगळं झालं. त्याचं वर्णन लिहून छळत नाही. प्रश्न वेगळा आहे.

तारकर्लीहून देवबागला जाताना एका ठिकाणी रिक्षा थांबवली. उजवीकडे माडांमधून समुद्र दिसत होता, डावीकडे घरांच्या मागे कर्ली नदी. मध्ये रस्ता, दोन ओळी घरं आणि वाळू. लेक नववीत जाणार आहे. ती म्हणाली, "बाबा, समुद्र इतका जवळ आहे तर नदी सरळ का नाही घुसत? एवढं लांब वळसा घालून संगमापर्यंत का जाते?"

मी म्हटलं, उतार नसेल. ती म्हणाली, "वाळूच आहे ना? पावसाळ्यात खोदून जाईल की." रिक्षावाले काका हसले, पण उत्तर त्यांनीही दिलं नाही.

घरी येऊन भूगोलाचं पुस्तक काढलं. 'वाळूचा दांडा' आणि 'खाजण' (दांड्यामागे कोंडलेलं उथळ पाणी) यांवर मोजून चार ओळी आणि एक आकृती. त्यात कर्ली नाही, देवबाग नाही. तर जाणकारांनी सांगावं: हे दांडे तयार कसे होतात, एकाच दिशेला का वाढतात, आणि टिकतात का?

शेवटच्या प्रश्नात थोडा स्वार्थ आहे. सासऱ्यांच्या ओळखीतून तिथे दहा गुंठे मिळतायत.

अर्धवटराव | रविवार, रात्री १०:५१

नदी कोकणातली आहे. सरळ उत्तर देणार नाही, सरळ जाणारही नाही.

(पळतो)

सुकट_बोंबील | रविवार, रात्री ११:०३

दहा गुंठ्यांचा धागा आहे, भूगोल नुसता तोंडी लावायला. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

भूगोलमास्तर | सोमवार, सकाळी ६:२०

कोळसाहेब, तीस वर्षं हाच धडा शिकवला आणि त्या चार ओळींवर मीही तीस वर्षं चिडलो. जरा सविस्तर लिहितो.

लाट किनाऱ्यावर नाकासमोर चालत येते असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ती बहुतेक वेळा तिरकी येते, कारण वारा तिरका असतो. लाट फुटून पाणी पुळणीवर, म्हणजे काठच्या वाळूवर, चढतं तेव्हा वाळूचा कण त्याच तिरक्या रेषेत वर जातो. उतरताना मात्र त्या पाण्यावर वाऱ्याची सत्ता नसते, उताराची असते. ते सरळ खाली येतं. म्हणजे कण उचलला एका जागेवरून आणि ठेवला हातभर पुढे. पुढच्या लाटेला आणखी हातभर. आठ सेकंदांना एक लाट धरली तर दिवसाला दहा हजारांच्या वर लाटा होतात. शिवाय फुटणाऱ्या लाटांच्या पट्ट्यात किनाऱ्याला समांतर एक प्रवाह सुरू होतो आणि तो तरंगती वाळू त्याच दिशेला ओढतो. अख्खी पुळण अशी करवतीच्या दात्यांसारख्या रेषेत चालत असते.

आता किनारा जिथे अचानक आत वळतो, म्हणजे खाडीच्या किंवा नदीच्या तोंडाशी, तिथे काय होतं? वाळू घेऊन निघालेला प्रवाह किनाऱ्याबरोबर वळत नाही, सरळ पुढे जातो. पुढे पाणी खोल आणि संथ. जोर संपला की वाळू खाली बसते. थर चढत चढत पाण्याच्या वर येतो. एक टोक जमिनीला चिकटलेलं आणि दुसरं मोकळं पाण्यात, हा झाला दांडा. मोकळ्या टोकाला लाटा वळसा घालून येतात, म्हणून ते टोक बऱ्याचदा आकड्यासारखं आत वाकतं. मागे कोंडलेल्या शांत पाण्यात गाळ साचतो आणि कांदळवन उगवतं.

आणि लेकीला सांगा, तिचा प्रश्न माझ्या बहुतेक विद्यार्थ्यांपेक्षा चांगला आहे.

इंजिनिअर_बाबू | सोमवार, सकाळी ९:४०

मास्तरांशी सहमत, पण धाग्याचा मथळाच उलटा आहे. नदी वळून गेलेली नाही. ती आधी समोरच भेटत होती असं समजा. दांडा उत्तरेकडून तिच्या तोंडावर वाढत आला आणि तिला दक्षिणेकडे सरकवत नेलं. नदीनं वाट निवडली नाही, वाट तिच्या पुढ्यातून ओढून नेली गेली.

"पावसाळ्यात खोदून जाईल की" हेही अगदी चुकीचं नाही. जगात कित्येक ठिकाणी पुराच्या वेळी नदी दांडा मध्येच फोडते आणि नवं तोंड पाडते. पण रोजच्या रोज तिला तशी गरज पडत नाही, कारण खाडीत भरतीला शिरलेलं सगळं पाणी ओहोटीला बाहेर पडावंच लागतं. ते पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर करताना जुनंच तोंड झाडून साफ ठेवतं. दांडा तोंड बुजवायला बघतो आणि ओहोटी ते उघडं ठेवते. या ओढाताणीत टोक जिथे अडतं तो तुमचा देवबागचा संगम.

मीनल_क | सोमवार, सकाळी ११:१५

वर लिहिलंय ते डोळ्यांनी बघायचं असेल तर सोपा उपाय आहे. बी.एड.ला असताना आमच्या बाईंनी करायला लावला होता, मी दर सहलीत करते.

नारळाची अर्धी करवंटी घ्यायची. हलकी असल्यामुळे तरंगते, आणि वर आली की दिसतेही. वाळूत काठी रोवून तिच्यासमोर फुटणाऱ्या लाटांच्या किंचित पलीकडे ती फेकायची आणि घड्याळ लावायचं. तारकर्लीला गेल्या डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास फेकली. आधी दोन-तीन मिनिटं ती जागच्या जागीच नाचत होती, वर-खाली, वर-खाली. भाचा म्हणाला, "मावशी, तुझा प्रयोग फसला." मग ती हळूहळू डावीकडे सरकायला लागली. लाट आली की तिरकी आत, लाट गेली की सरळ बाहेर. दहा मिनिटांनी काठीपासून माझी पंचेचाळीस पावलं झाली. समुद्राकडे तोंड केलं तर डावीकडे म्हणजे दक्षिण. म्हणजे देवबागकडेच.

अकराव्या मिनिटाला ती एका कुत्र्याने पळवली. त्याची नोंद बाईंनी शिकवलेल्या तक्त्यात कुठे करायची ते कळलं नाही.

अर्धवटराव | सोमवार, दुपारी १२:०२

'जैविक वहन' या रकान्यात.

रापणकार | सोमवार, दुपारी २:३०

नमस्कार. मी देवबागचोच. वाचून हसाक पण इला आणि बरा पण वाटला, कोणीतरी थाळयेच्या पलीकडचा काय विचारल्यान.

पुढचं प्रमाण भाषेत लिहितो, नाहीतर पुण्यातली मंडळी भाषांतर मागतील.

मास्तर म्हणतात ती वाळूची चाल आम्ही पुस्तकाशिवाय बघतो. पावसात समुद्र पुळण खातो. आमच्या घरापुढची पुळण आषाढात इतकी खाली उतरते की पायऱ्या तुटल्यासारखा उभा कडा होतो. गणपतीनंतर लाटा लहान झाल्या की तीच वाळू हळूहळू परत वर चढते आणि दिवाळीला रापण (काठावरून ओढायचं मोठं जाळं) ओढायला जागा होते. वाळू पावसात कुठे गेली म्हणाल, तर समोरच पाण्याखाली आडवा बांध करून बसलेली असते. लाटा बाहेरच फुटायला लागल्या की समजायचं, बांध तयार झाला.

पण तोंडावरची गोष्ट वेगळी. नारळी पौर्णिमेनंतर पहिली होडी बाहेर काढताना गेल्या वर्षीच्या वाटेवर विश्वास ठेवायचा नाही, हे आजोबांनी शिकवलं. वडील पुढे नाळीवर, होडीच्या टोकाला, उभे राहून बांबू टोचत जायचे आणि मी मागे. बांबू छातीपर्यंत गेला तर 'चल', गुडघ्यापर्यंत गेला तर 'थांब'. एका वर्षी नेहमीच्या वाटेवर बांबू घोट्यापर्यंतसुद्धा गेला नाही. वडील होडीतून उतरले आणि संगमाच्या मधोमध उभे राहून विडी पेटवली.

सुकट_बोंबील | सोमवार, दुपारी २:५५

रापणकार, शेवटचं वाक्य जबरदस्त. पॉपकॉर्न खाली ठेवलं.

पण मग तिथल्या संगमातल्या सुनामी आयलंडचं काय? आम्हाला बोटवाल्याने छाती ठोकून सांगितलं की २००४च्या सुनामीत एका रात्रीत ते बेट वर आलं.

भूगोलमास्तर | सोमवार, संध्याकाळी ५:१०

बोटवाल्याचं पोट त्या गोष्टीवर आहे, त्याच्याशी भांडू नये. तरी विचार करून बघा. २६ डिसेंबर २००४ला उद्ध्वस्त झालं ते अंदमान, तमिळनाडू, केरळचा काही भाग. आपल्या किनाऱ्यावर ती लाट पोचेपर्यंत किनारा फोडण्याइतका जीव तिच्यात उरला नव्हता. शिवाय बेट वर यायला वाळू लागते आणि वर आल्यावर टिकायला तीच वाळू रोज यावी लागते. संगमाच्या आत, जिथे नदीचं पाणी आणि भरतीचं पाणी एकमेकांना अडवतं, तिथे दोघांचा वेग पडतो आणि वाळूचा उंचवटा होतो. नदीच्या तोंडाशी असे उंचवटे वर येतात, सरकतात, बुडतात. ते बेट त्याच जातीचं आहे.

रापणकार | सोमवार, संध्याकाळी ५:३२

मास्तर, खरं तेच आहे. पण पाटी 'भरती-ओहोटीच्या वेगातील तफावतीमुळे झालेला उंचवटा' अशी लावली तर गिऱ्हाईक बोटीत बसेल का?

पणजीकर | सोमवार, रात्री ८:१८

हाच प्रकार आमच्याकडे गोव्यात साळ नदीचा. सासष्टीतून दक्षिणेकडे किनाऱ्याला समांतर वाहत जाते आणि बेतूलला समुद्राला मिळते. केळशी-मोबोरकडची जी चिंचोळी पट्टी आहे तिच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला साळ. मोबोरच्या टोकाला उभं राहिलं की समोर बेतूलचा डोंगर हाकेच्या अंतरावर. पण रस्त्याने जायचं तर चांगला वळसा. म्हणजे कर्ली आणि साळ दोघींना एकाच दिशेने ढकललंय. हे का?

इंजिनिअर_बाबू | सोमवार, रात्री ९:०५

कारण आपला किनारा अगदी उत्तर-दक्षिण नाही, थोडा कललेला आहे: वरचं टोक वायव्येकडे, खालचं आग्नेयेकडे. त्यामुळे तो नैर्ऋत्य-पश्चिमेकडे तोंड करून बसलाय. पश्चिमेकडून आलेली लाट त्याला किंचित उत्तरेच्या अंगाने लागते आणि वाळू दक्षिणेला ढकलते. हिवाळा-उन्हाळ्यात दुपारी जो वायव्येचा वारा सुटतो, त्याच्या लाटा तर आणखी तिरक्या. मीनलताईंची करवंटी डिसेंबरात चार वाजता डावीकडे गेली ती यामुळेच. नैर्ऋत्येच्या लाटा आल्या की उलटा, उत्तरेकडचाही प्रवास होतो. वर्षाअखेर जमाखर्च मांडायचा आणि शिल्लक कुठल्या बाजूला ते बघायचं.

पण हा नियम सगळ्या कोकणाला लावू नका. आपल्याकडे दर काही मैलांवर डोंगराचं नाक समुद्रात आलेलं आहे. वाळू दोन नाकांच्या मधल्या कोंडाळ्यातच फिरते.

पूर्वा_चेन्नई | सोमवार, रात्री ९:४४

लांब प्रवास करणारी वाळू बघायची तर पूर्व किनाऱ्यावर या. इथे वर्षातला बराच काळ लाटा दक्षिणेकडून येतात आणि निव्वळ वाळू उत्तरेकडे जाते, तीही प्रचंड. मरीना बीच एवढा रुंद कशामुळे? १९व्या शतकाच्या उत्तरार्धात इथे बंदर बांधलं आणि त्याच्या भिंती समुद्रात गेल्या. उत्तरेकडे निघालेली वाळू भिंतीच्या दक्षिणेला अडकली, ती मरीना. आणि भिंतीच्या उत्तरेला, रोयापुरमच्या बाजूला, वाळू यायची बंद झाल्यावर समुद्राने किनारा खायला सुरुवात केली. एकाच भिंतीने शहराच्या एका बाजूला संध्याकाळी फिरायची जागा दिली आणि दुसऱ्या बाजूच्या कोळीवाड्यांच्या दारात समुद्र आणला. आज तिथे दगडांच्या राशी आहेत.

ओडिशातलं चिलिका सरोवरही असंच वाळूच्या पट्टीने समुद्रापासून तोडलेलं आहे. तिथे तोंड सरकत सरकत लांब गेलं, गाळाने अरुंद झालं, आत खारं पाणी येईना, मासे घटले. शेवटी सप्टेंबर २०००मध्ये पट्टी कापून नवं तोंड पाडलं, तेव्हा मासेमारी सावरली. म्हणजे नदीने जे केलं नाही ते माणसांनी केलं. लेकीला हे उदाहरण आवडेल.

अलिबागचा_शहाणा | सोमवार, रात्री १०:२०

अलिबागचं नाव कसं कोणी घेतलं नाही? कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं. बेटाला जमिनीशी जोडणाऱ्या वाळूच्या पट्टीला टोम्बोलो म्हणतात असं वाचलंय. म्हणजे आमचा टोम्बोलो!

भूगोलमास्तर | मंगळवार, सकाळी ६:०५

नाव शोभेसं घेतलंय, रागावू नका. कुलाब्याला जाताना पायाखाली खडक असतो, काळा बेसाल्ट. लाटांनी झिजून सपाट झालेला कट्टा आहे तो, ओहोटीला उघडा पडतो. टोम्बोलोला वाळूने जोडलेलं असावं लागतं. बेटाच्या आडोशाला लाटा दोन्ही बाजूंनी वळून येतात, एकमेकींना थोपवतात आणि मधल्या शांत पाण्यात वाळू टाकतात. टाकता टाकता बेट आणि जमीन जोडली जाते. रत्नागिरीत जा. मिऱ्याचा डोंगर आणि गाव यांच्यामधली सखल वाळूची पट्टी बघा, हा आकार तिथे समजतो.

रत्नांगिरीकर | मंगळवार, सकाळी ९:३०

मिऱ्याचं नाव निघालं म्हणून. आम्ही लहानपणापासून पांढरा समुद्र आणि काळा समुद्र म्हणतो. मिऱ्याकडचा पांढरा, मांडवीकडचा काळा. मधलं अंतर रमतगमत चाललात तरी फार नाही. पाहुण्यांना वाटतं पाण्याचा रंग वेगळा आहे. पाणी तेच, वाळू वेगळी. काळ्या वाळूत इल्मेनाइटसारखी जड खनिजं. मुठीत घेतली तर वजन लागतं, आणि चुंबक फिरवलं तर मिशी चिकटते.

आणि त्या सखल पट्टीवरचा बंधारा दर दोन-चार पावसाळ्यांनी कुठे ना कुठे खचतो, पुन्हा दगड येतात, पुन्हा खचतो. २०२०च्या जूनमध्ये निसर्ग वादळात एक जहाज येऊन त्या बंधाऱ्यालाच लागलं होतं.

सुकट_बोंबील | मंगळवार, सकाळी १०:००

मग मालवणची वाळू पांढरी आणि मुरुड-काशीदच्या पुढे वर गेलं की करडी-काळी, हे का?

भूगोलमास्तर | मंगळवार, सकाळी ११:४०

वाळूची जात डोंगरावरून ठरते. रायगडपासून वर सगळा बेसाल्ट. त्यात गारगोटी जवळजवळ नाहीच, म्हणून झिजून मिळतो तो काळा चुरा आणि चिखल. पांढरी दिसते तिथे शिंपल्यांचा चुरा जास्त. सिंधुदुर्गात मात्र बेसाल्टच्या खालचे जुने खडक उघडे आहेत, त्यांत गारगोटी भरपूर. कणकवलीजवळ कासार्ड्याला सिलिका वाळूच्या खाणी आहेत त्या याच खडकांमुळे. तीच गारगोटी नद्या खाली आणतात. दांडा बांधायला कठीण, गोल, न विरघळणारा कण लागतो आणि तो मालवणला आयता मिळतो.

दुसरं कारण भरतीचं. मुंबईला उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं, मालवणला साधारण दोन मीटर. हा चढउतार जास्त असला की लाटांचा मारा एकाच रेषेवर राहत नाही, दिवसभर रुंद पट्ट्यावर पसरतो, आणि खाड्यांच्या तोंडातून पाणीही जोरात जातं. लहान दांडे तिकडेही होतात, पण लांबलचक दांडा वाढायला मालवणसारखा मोजका चढउतार सोयीचा.

यॉर्कशायरचा_चहा | मंगळवार, दुपारी ३:१०

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरून लिहितोय, घरापासून तासाभरावर स्पर्न हेड आहे. इथल्या शाळेत दांडा शिकवताना हमखास दाखवतात तो हा. साधारण पाच किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी इतका चिंचोळा की दोन्ही बाजूंचं पाणी एका नजरेत येतं. (देवबागचं वर्णन वाचून म्हणूनच लिहायला बसलो.)

याला माल पुरवतात उत्तरेकडचे होल्डरनेसचे कडे. ते दगडाचे नाहीत, हिमयुगातल्या हिमनद्यांनी सोडलेल्या मातीचे आहेत. समुद्र ते वर्षाला सरासरी दीड-दोन मीटर खातो. युरोपात इतकी झपाट्याने झिजणारी किनारपट्टी क्वचित. कड्यावरचं कोणाचं तरी शेत पडतं तेव्हा स्पर्नला वाळू मिळते. कडा वाचवायला भिंत घातली तर दांड्याचा शिधा बंद. इथल्या गावकऱ्यांची भांडणं यावरूनच.

या दांड्याजवळच्या वाळूवर १३व्या शतकात रेव्हन्सर ऑड नावाचं बंदराचं गाव होतं. जहाजं यायची, बाजार भरायचा. १३६२च्या मोठ्या वादळात उरलंसुरलं गाव समुद्रात गेलं, आज तिथे फक्त पाणी आहे. आणि डिसेंबर २०१३मध्ये वादळी भरती स्पर्नच्या मधल्या भागावरून सरळ पलीकडे गेली, रस्ता घेऊन. आता मोठ्या भरतीला टोकाचा भाग बेट होतो. मी ओहोटीचं वेळापत्रक खिशात ठेवूनच जातो.

कोळसाहेब, दहा गुंठे घ्यायच्या आधी एकदा इकडे येऊन जा. चहा पाजतो.

मीनल_क | मंगळवार, दुपारी ४:००

आपल्याकडचं उदाहरण धनुष्कोडीचं. रामेश्वरम बेटाचं ते चिंचोळं वाळूचं टोक, दोन्हीकडे समुद्र. डिसेंबर १९६४च्या चक्रीवादळात गाव, रेल्वे स्टेशन, आत शिरणारी प्रवासी गाडी, सगळं गेलं. अजून चर्चच्या भिंती उभ्या आहेत.

अर्धवटराव | मंगळवार, दुपारी ४:०६

त्याच्या पुढे काय आहे ते मी विचारणार होतो...

संपादक | मंगळवार, दुपारी ४:२०

विचारू नका. त्यासाठी आधीच तीन धागे आहेत आणि तिन्ही कुलूपबंद आहेत.

रापणकार | मंगळवार, रात्री ९:१५

सगळं पटतंय, पण एक गोष्ट बोलू का? इंग्लंडचं गाव बुडालं, धनुष्कोडी बुडाली, असं वाचलं की शहरातले लोक मान हलवतात आणि म्हणतात, अशा जागी राहायचंच कशाला. आम्ही तिथे राहतो. चार पिढ्या. आज्याच्या वेळी आमच्या घरापुढे माडांच्या चार रांगा होत्या, आता दीड उरली. ती दीड उरली कारण पुढे दगडांचा बंधारा पडला. बंधारा नसता तर मी हे आत्याच्या घरून लिहीत असतो.

इंजिनिअर_बाबू | मंगळवार, रात्री १०:००

रापणकार, तुमच्या घराचं दुःख कळतं. पण तांत्रिक बाजू सांगायलाच हवी. उभ्या दगडी बंधाऱ्यावर लाट आपटली की ती जोर घेऊनच परत जाते आणि पायथ्याची वाळू घेऊन जाते. बंधाऱ्यापुढची पुळण खाली खाली जाते. आणि बंधारा जिथे संपतो त्या टोकाच्या पुढच्या शेजाऱ्याची पुळण जास्त वेगाने तुटते. मग तो शेजारी बंधारा मागतो, मग त्याचा शेजारी. त्यापेक्षा बाहेरून आणलेली वाळू पुळणीवर टाकणं, वाळूचे उंचवटे आणि त्यांवरची झाडं राखणं...

रापणकार | मंगळवार, रात्री १०:१२

शेजाऱ्याची तुटते हे खरं. तो शेजारी माझा चुलतभाऊ आहे, दोन पावसाळे बोलत नव्हता. पण वाळू टाकायला कोण येतोय? अर्ज घेऊन मी ज्या कार्यालयात गेलो तिथे विचारलं, "दगड हवेत का? दगडांचं अंदाजपत्रक तयार आहे." वाळूचं नाव काढल्यावर साहेबांनी पंखा वाढवला.

भूगोलमास्तर | बुधवार, सकाळी ६:३०

दोघांचंही बरोबर आहे, आणि म्हणूनच हा धडा चार ओळींत मावत नाही.

वाळूच्या उंचवट्यांवरची मर्यादवेल तुम्ही सगळ्यांनी पाहिली असेल, जांभळ्या फुलांची, शेळीच्या खुरासारख्या दुभंगलेल्या पानांची. नाव ठेवणाऱ्याची कमाल आहे. समुद्राची मर्यादा जिथे संपते तिथे ती सुरू होते. तिच्या जाळ्यात वाऱ्याची वाळू अडकते आणि उंचवटा वाढतो. वादळात समुद्र तोच उंचवटा खातो आणि घरं वाचतात. हॉटेलसमोर 'स्वच्छ बीच' हवा म्हणून ती उपटतात तेव्हा मला पोटात दुखतं. किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत वाळूच्या टेकड्या सर्वांत कडक वर्गात आहेत, तरी.

उलटं उदाहरण बाल्टिक समुद्रावरचं. लिथुआनिया आणि रशिया यांच्यात वाटलेला कुरोनियन दांडा ९८ किलोमीटर लांब. तिथलं जंगल तोडलं गेलं, वाळू सुटली आणि चालत्या टेकड्यांनी गावंच्या गावं गाडली. मग पिढ्यान् पिढ्या गवत आणि झाडं लावून ती वाळू जागेवर बसवावी लागली. २०००मध्ये तो जागतिक वारसा झाला.

आता कोळसाहेबांच्या 'टिकतात का' याचं उत्तर. शेवटच्या हिमयुगात समुद्र शंभर मीटरहून जास्त खाली होता. तो चढून आजच्या पातळीजवळ स्थिरावला त्याला सहा-सात हजार वर्षं झाली. आज दिसणारे दांडे बहुतेक त्यानंतरचे. डोंगरांच्या हिशेबात कालचं पोर. आणि वयात आल्यावरही ते उभे राहत नाहीत, मागून वाळू येते आणि टोकाकडून जाते, तोवर आकार दिसतो. वरच्या अंगाला नदीतून वाळू उपसली, धरणात गाळ अडला, बंदराची भिंत आली, की आवक बंद.

सुकट_बोंबील | बुधवार, सकाळी ९:००

थोडक्यात चालू खातं आहे, मुदत ठेव नाही.

पणजीकर | बुधवार, सकाळी ९:२२

आणि खर्च करणारे सगळे दुसरेच.

चिंचेचा_कोळ | रविवार, रात्री ९:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभर गप्प होतो कारण घरात प्रयोगशाळा झाली होती. सौ.ची मोठी परात घेतली, बांधकामावरची दोन तांबे वाळू चाळून एका कडेला उताराने लावली, तिच्या मध्ये एक खाच ठेवली (ती खाडी), आणि पाणी ओतलं. लेकीने फूटपट्टी तिरकी धरून लाटा काढल्या. पहिली पाच मिनिटं नुसता गढूळपणा. मग खाचेच्या उत्तरेकडच्या कडेला एक बारीक जीभ बाहेर आली. दहा मिनिटांत ती बोटभर झाली आणि तिचं टोक खरंच आत वाकलं! मग लेकीने खाचेतून चमच्याने पाणी सोडून 'नदी' चालू केली, तर पाणी जिभेला वळसा घालून पलीकडून बाहेर पडलं. ती ओरडली, "वळली नाही बाबा, वळवली!" इंजिनिअर_बाबू, तुमचं वाक्य मी तिला वाचून दाखवलं नव्हतं, शपथ.

परात अजून घासतोय. पोळ्या किंचित करकरतात.

दहा गुंठ्यांचं म्हणाल तर सासऱ्यांना धागा वाचायला दिला. त्यांनी पूर्ण वाचला आणि म्हणाले, "रापणकारांना विचारा, त्यांच्या भावाच्या बाजूला आहे की अलीकडे?"

रापणकार | रविवार, रात्री १०:०५

पलीकडे असेल तर मी काय बोलणार नाय. आता कुठे भाऊ बोलूक लागलोहा.

चिंचेचा_कोळ | जुलै, शनिवार, सायंकाळी ६:३०

धागा वर काढतोय, क्षमस्व. चाचणी परीक्षेत प्रश्न आला: 'वाळूचा दांडा कसा तयार होतो ते स्पष्ट करा. (३ गुण)'. लेकीने तिरक्या लाटा, करवंटी, कर्ली, सगळं लिहिलं, आकृतीत परातसुद्धा काढली. दीड गुण मिळाला. शेरा: 'पुस्तकातील मुद्दे लिहा.'

भूगोलमास्तर | जुलै, शनिवार, सायंकाळी ६:४१

उत्तरपत्रिकेचा फोटो पाठवा. मी निवृत्त आहे, पण लाल पेन अजून चालतं.